सासूबाईंच्या पलंगाखालची पिवळी पेटी

"बघतो काहीतरी करून" हे वाक्य नवऱ्याने घरात कधीही उच्चारू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. त्या दिवशी मी ते उच्चारलं. घरात मयत होतं, बायको रडत होती, आणि रडणाऱ्या बायकोसमोर माणसाच्या तोंडून असलं काहीतरी निघून जातं.

मयत माझ्या सासूबाईंचं. हनोराबाई फार चांगल्या होत्या. (त्या गेल्या म्हणून म्हणतोय असं समजू नका. जिवंतपणीही म्हणायचो, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने उभा राहून.) पहाटे झोपेतच गेल्या. डिंफना, म्हणजे माझी बायको, चहा घेऊन खोलीत गेली आणि कप तसाच हातात धरून बाहेर आली. तिने तो कप ओट्यावर ठेवला, वर बशी झाकली आणि मगच रडायला लागली.

शिकागोला फोन झाला. डिंफनाचा भाऊ कोलमन तिथे सुतारकाम करतो. इतकी वर्षं त्याचे कागद नव्हते. एकदा अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं असतं तर परत आत घेतलं नसतं, म्हणून तो कधी आलाच नाही. कागद झाले याच वर्षी. नाताळला येणार होता. सासूबाईंनी त्याच्यासाठी वरच्या खोलीला रंगसुद्धा लावून घेतला होता. (लावला मी. दोनदा. पहिल्यांदा रंग चुकला.)

आता तो उद्या दुपारच्या गाडीने येणार होता आणि संध्याकाळी सासूबाईंना चर्चमध्ये नेणार होते. मधल्या काळात आमच्या रिवाजाप्रमाणे त्या घरीच, आपल्या पलंगावर, हातात जपमाळ धरून सगळ्यांना भेटणार होत्या.

"तो येईल," डिंफना डोळे पुसत म्हणाली, "आणि ते सगळं बघेल."

तिने कपाटाकडे बोट दाखवलं.

कोलमन दर नाताळला आईला एक वस्तू पाठवायचा, विजेवर चालणारी. अमेरिकेतली वीज आमच्याकडच्यापेक्षा निम्म्या जोराची आणि तिथल्या प्लगचे पाय चपटे, हे त्या गरीब पोराच्या कधी डोक्यात आलं नाही. पहिल्या वर्षी केस वाळवायचं यंत्र आलं. मी चपटा प्लग काढून आपला तीन पायांचा बसवला आणि सासूबाईंच्या हातात यंत्र दिलं. पुढच्या क्षणी त्यातून जाळ निघाला, सासूबाईंच्या कपाळावरची बट गेली आणि आख्ख्या गल्लीतली वीज गेली. यंत्र आम्ही कोंबड्यांच्या खुराड्यामागे पुरलं. त्या रविवारी दुकानातल्या फोनवर कोलमनने विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "केस? अरे, एका क्षणात वाळले!" (हे खोटं नव्हतं.)

त्यानंतर त्यांनी त्याच्या कुठल्याही वस्तूला वीज लागू दिली नाही. टोस्टर आला, कॉफीचं भांडं आलं, विजेचा तवा आला, मांस कापायची विजेची सुरी आली, भिंतीवरचं घड्याळ आलं. एका वर्षी तर चपट्या भोकांचा एक्स्टेन्शन बोर्ड आला. सगळं कपाटावर ओळीने मांडलेलं, वर प्लॅस्टिकच्या पिशव्या. शनिवारी पुसायच्या, रविवारी फोनवर सांगायच्या, "तव्यावर आज बेकन केलं रे, काय सांगू तुला!" एरवी आयुष्यात त्या खोटं बोलल्या नाहीत. कन्फेशनला, म्हणजे पापं कबूल करायला, गेल्या की फादरना फक्त "पुन्हा टोस्टर" एवढंच सांगायच्या, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

"आईला द्यायला त्याच्याजवळ एवढंच तर होतं, फिंटन," डिंफना म्हणाली. "स्वतः येता येत नव्हतं म्हणून तो हे पाठवायचा. आणि आता घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्याला पिशव्या दिसणार. आईने एकाही वस्तूला हात लावला नाही, हे त्याला आजच कळायला हवं का? आई समोर तशी पडलेली असताना?"

"नको," मी म्हणालो, आणि मग ते वाक्य म्हणालो.

मी कौन्सिलमध्ये रस्त्यातल्या खड्ड्यांच्या तक्रारी लिहून घेतो. विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता. पण आमच्या शेजारी जार्लथ हेशन राहतो आणि तो बांधकामं करतो. बांधकामावर कुणी शॉक लागून मरू नये म्हणून ड्रिल वगैरे निम्म्या जोराच्या विजेवर चालवतात आणि त्यासाठी एक पिवळी पेटी असते. इकडून आपली वीज घालायची, तिकडून अर्धी बाहेर. मी जार्लथकडे गेलो. तो दारात दाढी करत होता.

"पेटी ने," तो म्हणाला. "पण ती ड्रिलसाठी आहे, हॉटेल चालवायला नाही. थोडा वेळ चालवायची, मग थांबवायची. तापली की आपोआप बंद व्हायची, ते बटण गेल्याच वर्षी मेलंय. कळलं का?"

"कळलं," मी म्हणालो.

"काय कळलं?"

"थोडा वेळ चालवायची."

"आणि?"

"थांबवायची."

"शाब्बास. आणि तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार. उद्या दुपारी येतोच मी." मग त्याने टोपी काढली, जणू सासूबाई माझ्या मागेच उभ्या होत्या. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

पेटीचं वजन नुकत्याच जन्मलेल्या वासराएवढं. तिच्यावर वाळलेल्या सिमेंटचे थर, आणि एका बाजूला पांढऱ्या रंगात ठळक लिहिलेलं: जे. हेशन. ती स्वयंपाकघरात ठेवावी तर कोलमनला सगळ्यात आधी तीच दिसणार. बाहेरच्या खोलीत प्रत्येक खुर्चीवर, प्रत्येक खोक्यावर माणूस बसलेला. कुणी ना कुणी पायाने ढकलणार, "हे काय?" विचारणार. सगळ्या घरात एकच जागा अशी होती जिथली चादर कुणी उचलून बघणार नव्हतं.

"नाही," डिंफना म्हणाली.

"भिंतीच्या पलीकडेच स्वयंपाकघर आहे. पाइपाच्या भोकातून वायर जाते. मी बघितलंय."

"आईच्या पलंगाखाली?"

"चादर जमिनीपर्यंत आहे."

तिने आईच्या हातातली जपमाळ सारखी केली. मग म्हणाली, "आई, कोलमनसाठी आहे गं," आणि चादर तिनेच उचलून धरली.

इथवर सगळं ठीक चाललं होतं, असं म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अमेरिकन बोर्ड ओट्यावर लावला, पिशव्या काढल्या, घड्याळ भिंतीवर टांगलं, बटण दाबलं आणि घड्याळ चालू झालं! इतकी वर्षं कपाटावर पडून असलेलं घड्याळ टुकटुक चालायला लागलेलं बघून मला इतका आनंद झाला की घरात मयत आहे हे मी क्षणभर विसरलो. (डिंफनाने आठवण करून दिली. कोपराने.)

आता नोनी मावशी. सासूबाईंची धाकटी बहीण. रिवाजाच्या बाबतीत फादरसुद्धा त्यांना विचारून घेतात. माणूस गेलं की घरातली घड्याळं थांबवायची आणि जमिनीत ठेवून येईपर्यंत ती चालवायची नाहीत, असं आमच्याकडे आहे. नोनी मावशींनी आल्या आल्या दिवाणखान्यातलं थांबवलं, जिन्यातलं थांबवलं, माझ्या टेबलावरच्या गजराच्या घड्याळाचं पोट उघडून त्यातलं काहीतरी काढून खिशात घातलं. मग माझं मनगट धरलं.

"मावशी, हे हातातलं आहे."

"हातातलं देवाला दिसत नाही वाटतं?"

त्यांनी माझं घड्याळ काढून घेऊन बंद केलं आणि मग भिंतीकडे वळल्या. "आणि हे?"

"हे नाही," डिंफना मध्ये पडली. "हे कोलमनचं आहे. हे चालू दिसायला हवं त्याला."

मावशी कुरकुरल्या, पण कोलमनचं नाव ऐकून गप्प बसल्या. अशा रीतीने आख्ख्या घरात वेळ सांगणारं एकच घड्याळ उरलं. मी ते सकाळी चर्चच्या घंटेवर नीट लावलं होतं. कोलमनला स्टेशनवरून आणायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी निश्चिंत होतो.

माझा बेत असा की तासाला थोडं चालवायचं, मग बंद ठेवायचं. (त्याबरोबर घड्याळही थांबेल, हे डोक्यात आलं नव्हतं.) पण मयताच्या घरी आमच्याकडे चहा थांबत नाही. गावातली झाडून सगळी माणसं येतात, आणि प्रत्येकाच्या हातात कप द्यावा लागतो. नोनी मावशींनी विजेच्या तव्यावर बेकन टाकलं आणि त्यांचा विरोध विरघळला. "अगं, हे किती छान तापतं!" म्हणत त्यांनी तो सोडलाच नाही. शेजारणीने टोस्टर ताब्यात घेतला. विजेच्या सुरीने हॅम कापायला तर रांग लागली. मी दोनदा बटणाकडे गेलो. दोन्ही वेळा मला हाकलून दिलं.

आणि आत सासूबाई गुणगुणायला लागल्या.

पेटीवर ओझं आलं की ती घुमते, हे मला ठाऊक नव्हतं. पलंगाभोवती बायका बसून रोझरी म्हणत होत्या, आणि दोन प्रार्थनांच्या मधल्या शांततेत खालून एक संथ, खर्जातला आवाज येत होता. मी दारात उभा राहून घामाघूम झालो.

"ऐकलंत?" एक म्हातारी कुजबुजली.

"हनोरा आहे ती," दुसरी म्हणाली. "आपल्याबरोबर म्हणतेय. तिची पट्टी नेहमी खालचीच होती."

सगळ्यांनी क्रूसाची खूण केली आणि आवाज चढवून पुढची प्रार्थना धरली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. गाडीला भरपूर अवकाश होता. मी आणखी एक सँडविच खाल्लं.

त्या घड्याळाबद्दल मला नंतर जार्लथने सांगितलं. जोर निम्मा केला तरी आमच्या विजेची लय अमेरिकेपेक्षा संथ असते, आणि ते घड्याळ त्या लयीवर चालतं. दर तासाला दहा मिनिटं मागे पडतं. हे मला सकाळी कळलं असतं तर बरं झालं असतं.

मी आरामात गाडी काढली आणि स्टेशनच्या रस्त्याला लागलो तेव्हा समोरून पावसात, हातात सूटकेस घेऊन, एक माणूस चालत येत होता. काळा सूट अंगाला चिकटलेला. मी ओळखलं ते चालण्यावरून. सासूबाई तशाच चालायच्या, एक खांदा पुढे टाकून.

"कुणी आलं नाही," कोलमन गाडीत बसत म्हणाला. चिडलेला नव्हता, हेच वाईट. "म्हटलं, नेलं की काय तिला. माझ्यासाठी न थांबता."

"नाही रे बाबा! आहेत. घरीच आहेत. तुझीच वाट बघतायत." असं मी बोललो. मेलेल्या माणसाबद्दल.

तो स्वयंपाकघरात शिरला आणि थबकला. कॉफीचं भांडं उकळत होतं. तव्यावर बेकन तडतडत होतं. नोनी मावशी विजेच्या सुरीने हॅम कापत होत्या. टोस्टरमधून टोस्ट उडाला, भिंतीवर घड्याळ टुकटुकत होतं. त्याच्या तोंडाकडे बघवेना.

"आई हे सगळं... खरंच वापरायची?"

"रोज," डिंफना म्हणाली, आणि भावाच्या गळ्यात पडली.

मला वाटलं, झालं. जिंकलो. आता तो आत जाईल, मी हळूच बटण बंद करीन आणि कुणाला काही कळणार नाही. डिंफनाने त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. लग्नानंतर इतक्या प्रेमाने तिने माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं. मी तिथेच उभा राहून ते प्रेम उपभोगत बसलो. बटण राहिलं.

कोलमन खोलीत गेला. बायकांनी जागा करून दिली. तो गुडघ्यावर बसला, आईच्या कपाळावर ओठ टेकले आणि तिला कवेत घ्यायला तिच्या खांद्यांखाली हात घातला.

तो तसाच थांबला.

"ती गरम आहे," तो म्हणाला.

कुणी हललं नाही.

"डिंफना! आई गरम आहे! पाठ गरम आहे तिची!" त्याने कान तिच्या छातीला लावला. "आत... आत काहीतरी चालू आहे! अरे, डॉक्टरला बोलवा कुणीतरी! बघताय काय नुसते!"

म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या. नोनी मावशींच्या हातातली सुरी घूं घूं करत राहिली. मी डिंफनाकडे बघितलं. तिला सगळं माहीत होतं. पलंगाखाली काय आहे, ते तिनेच चादर उचलून आत जाऊ दिलं होतं. आणि तरीही एका क्षणासाठी तिच्या डोळ्यांत आशा आली. मी ती बघितली. आजवर मी पुष्कळ गाढवपणा केलाय, पण इतका महाग एकही पडला नव्हता.

मी गुडघ्यावर बसलो, चादर वर केली आणि पेटी ओढून बाहेर काढली. हात भाजला. गादीला खालून तपकिरी डाग पडला होता आणि जळका वास सुटला होता. (आणखी थोडा वेळ गेला असता तर सासूबाईंचं दहन झालं असतं. आमच्या गावात ती पद्धत नाही.) मी प्लग उपटला. गुणगुण थांबली. पलीकडे सुरी थांबली, कॉफी थांबली, आणि घड्याळ थांबलं. आता घरात एकही घड्याळ चालू नव्हतं. नोनी मावशींनी समाधानाने मान हलवली.

कोलमनने आईला हळूच उशीवर टेकवलं. त्याने चेहरा पुसला नाही.

"हे काय आहे?"

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं होतं, देवाशपथ. पण डिंफना भिंतीला टेकून उभी होती.

"ही... आईंची पेटी," मी म्हणालो. "आपल्याकडची वीज जोराची. तुझ्या वस्तू चालत नाहीत तिच्यावर. म्हणून ही लागते."

"आणि पलंगाखाली का?"

"कुणी हात लावू नये म्हणून. त्या इथेच ठेवायच्या. जवळ."

"किती वर्षं?"

"पहिल्यापासून," डिंफना म्हणाली.

कोलमन जमिनीवर बसला आणि त्याने दोन्ही हात त्या गरम पेटीवर ठेवले. मग त्याचं बोट पांढऱ्या अक्षरांवर गेलं. "जे. हेशन?"

"कंपनी," मी म्हणालो.

दारात टोपी हातात धरून जार्लथ हेशन उभा होता. त्याने तोंड उघडलं. डिंफनाने शेजारच्या ताटातलं हॅम सँडविच उचललं आणि त्यात कोंबलं.

"आणि हे काय लागलंय?" कोलमन सिमेंटच्या थरावरून बोट फिरवत होता.

"पीठ," मी म्हणालो. "आईंच्या ब्रेडचं. हात तसेच असायचे, घाईत बटण दाबायच्या..."

तो पेटीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. मग म्हाताऱ्या रडल्या, नोनी मावशी रडल्या, मी रडलो. जार्लथही रडला, सँडविच चावत, आणि त्याचं कारण आमच्यापेक्षा वेगळं असावं असा मला संशय आहे.

सासूबाईंना आम्ही वेळेवर चर्चमध्ये नेलं. (वेळ फादरांच्या घड्याळाची.) दुसऱ्या दिवशी माती दिली. कबरीपाशी कोलमन डिंफनाला म्हणाला, "मला वाटायचं, मी तिला नुसती खोकी पाठवतोय." तिने त्याचा हात घट्ट धरून ठेवला. तेवढ्यासाठी मी आणखी दहा वेळा हात भाजून घेतला असता.

निघताना त्याने आईची जपमाळ डिंफनाला दिली आणि स्वतःसाठी एकच वस्तू मागितली.

"पेटी?" मी म्हणालो. "अरे, पण ती तिकडे... तिकडच्या विजेवर... तिचा प्लगच तिकडे..."

"फिंटन," डिंफना म्हणाली. त्या एका शब्दात बरंच काही होतं. पेटी डिंफनाच्याच शालीत गुंडाळून कोलमनच्या सूटकेसमध्ये गेली, आणि सूटकेसमधले सगळे कपडे माझ्याकडे राहिले. (एकही मला होत नाही.)

आता ती शिकागोत त्याच्या दिवाणखान्यात आहे. कुणाला पुसू देत नाही, आईच्या हातचं पीठ जाईल म्हणून. मागच्या रविवारी फोन आला तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. "कोलमन," मी विचारलं, "तिकडे चालते का रे ती?"

पलीकडे त्याने घसा खाकरला.

"चालते म्हणजे?" तो म्हणाला. "अरे, काय सांगू तुला! झकास!"

हुबेहूब सासूबाईंचा आवाज. मी रिसीव्हर डिंफनाकडे दिला आणि बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो.

जार्लथने मला काही बोलून दाखवलं नाही. फक्त फादरांच्या घराची नवी भिंत त्याच्याकडे आहे, त्याचं ड्रिल पेटीशिवाय मुकं आहे, आणि म्हणून दर शनिवारी छिन्नी-हातोडा घेऊन भोकं मी पाडतो. परवा फादर बघायला आले आणि त्यांनी विचारलं, "काय जार्लथ, हा नवा ड्रिल कसा काय?"

"काय सांगू फादर," जार्लथ म्हणाला, "जुना थोडा वेळ चालवून थांबवावा लागायचा. हा थांबलेलाच असतो, अधूनमधून थोडा चालवावा लागतो."